निळ्याचे पैसे

अशोक स्तंभाजवळ, चष्म्यांच्या दुकानावर, माझं ऑफिस.
एक टेबल, दोन पंखे, त्यातला एक चालतो.
भिंतीवर कानकूनचं पोस्टर.
निळं. इतकं निळं
की पाण्याचा जार ठेवायला येणारा पोरगा
जाताना त्याला एकदा बोट लावून जायचा.

त्या निळ्याचे मी पैसे घेतले होते.
सत्तावीस माणसं, सोळा दिवस,
जेवण शाकाहारी, विनंतीनुसार जैन.

मे महिना. दुपारी साडेचारला फोन.
तिकडे सकाळचे सहा.
"मॅडम, समुद्र दिसत नाहीये."
म्हटलं, धुकं असेल.
"धुकं कसलं! शेवाळ. गुडघाभर.
रात्रीतून कुणी ट्रॉल्या रिकाम्या करून गेल्यासारखं.
आणि वास, नासक्या अंड्यांचा.
यांनी नाश्ता केला नाही.
यांनी नाश्ता केला नाही म्हणजे काय, तुम्हाला नाही कळायचं."

मग फोटो यायला लागले.
तपकिरी. तपकिरी. कुणाचा तरी अंगठा. तपकिरी.
चांदगुडे वहिनी, नवी टोपी, नवा गॉगल,
पायात हॉटेलच्या पांढऱ्या सपाता,
गोठ्याच्या दारात पैठणी नेसून उभं राहावं
तशा उभ्या.

मी म्हटलं, निसर्ग आहे.
ते म्हणाले, निसर्गाचेच पैसे भरलेत.
खरं होतं. पावती माझ्याच अक्षरात होती.

संध्याकाळी आनंदवल्लीला गेले, उगाच.
गोदावरी या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी,
पानवेलींनी गच्च.
पालिकेचं यंत्र कडेला उभं, त्यावर बगळा.
पुलावर ठाण्याच्या नंबरची गाडी,
"काय लॉन आहे!" म्हणत
बाप पोराला कठड्याशी धरून फोटो काढत होता.
मी काही बोलले नाही.
आमची घाण फोटोत छान येते,
जांभळ्या फुलांसकट.

रात्री बाराला पुन्हा फोन. बोरस्ते, पिंपळगावचे.
हा माणूस आजवर माझ्याशी बोललाच नव्हता,
व्हिसाच्या मुलाखतीतही म्हणे बायकोनंच उत्तरं दिली.
मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते.
"ताई, ओ ताई, इथं नुसतं पडलंय!"
हो काका, मी हॉटेलशी बोलते...
"अहो, फुकट पडलंय!
आपण द्राक्षावर फवारतो ना, बाटलीतलं, काळं,
लिटरला सहाशे मोजून, हेच राहतं ते.
दुकानदार म्हणायचा, समुद्रातलं आहे.
मला वाटायचं, थापा मारतो.
हे लोक ट्रॅक्टरनं उचलून नेताय. कुठं नेताय, विचारा की जरा."

मग आवाज खाली आला.
"मणी आहेत याला. बारके.
गोडी छाटणीनंतर पन्नासेक दिवसांनी
आपला घड कसा, ज्वारीचा मिरीएवढा होत असतो,
तस्सा. दाबला की फुटतो.
आत काहीच नाही. हवा."

"हवा," पुन्हा म्हणाले,
आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडून
मला एक मणी फुटल्याचं ऐकू आलं.
किंवा लाइन कट झाली.

परत आल्यावर सगळ्यांनी मिळून पत्र दिलं, सह्यांसकट.
मी माणशी अकरा हजार परत केले.
निळ्याचा भाव घासाघीस होऊन तेवढाच निघाला.
पत्रावर बोरस्त्यांची सही नव्हती.
ते आठवड्यानं आले, बेदाण्याची पिशवी घेऊन,
आणि शर्टाच्या खिशातून, लग्नपत्रिकेच्या पाकिटात घातलेली
एक वाळकी काडी.
"विमानतळावर कुणी विचारलं नाही," म्हणाले,
"बायकोनं सुद्धा नाही."

टेबलाच्या काचेखाली ठेवलीय ती.
दमट दिवशी वास येतो, थोडासा.
गिऱ्हाईक नाक मुरडतं, इकडेतिकडे बघतं,
मग पोस्टरकडे,
आणि विचारतं, खरंच एवढं निळं असतं का हो तिकडे?

असतं, मी म्हणते.
तुमची सुट्टी कोणत्या महिन्यात आहे?